द्वादशीचं रक्त

माझा विषय बायोकेमिस्ट्री. एवढं सांगितलं की पुढे काय होणार हे मला पाठ आहे. समोरचा माणूस मान तिरकी करून विचारतो, म्हणजे बायॉलॉजी की केमिस्ट्री? ॲडमिशनसाठी मुलींना घेऊन येणारे बाप त्याहून सरळ. ‘मॅडम, हे घेतलं तर डॉक्टर होता येतं?’ नाही म्हटलं की, ‘मग नर्स?’ कुंभकोणमच्या एका कॉलेजात मी हा विषय शिकवते आणि दर वर्षी ॲडमिशन सुरू झाल्या की माझं डोकं उठतं. पण बाहेरच्यांना काय बोलायचं? आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या वडिलांनी, या विषयाला कधी काडीची किंमत दिली नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात जुनी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याला एम. एस्सी. करायला गेले तेव्हा हॉस्टेलच्या मुली माझं बोलणं ऐकून पोट धरून हसायच्या, म्हणून मी त्यांच्यासारखं बोलायला शिकले. अप्पा मात्र बदलले नाहीत, कशातच नाहीत. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भजनाला वाहून घेतलं. आमच्याकडे भजनात मधोमध मोठी समई लावतात आणि मंडळी तिच्याभोवती फेर धरून नाचत गातात. त्या फेरात अप्पा सगळ्यांत पुढे. सत्तरी उलटली तरी पाय असा पडायचा की तरुण मंडळी मागे राहायची. त्यांना दुसरं काही नको होतं. तो फेर आणि पुढची जागा, बस्स.

आणि त्यांना होता मधुमेह.

आता ऐका. लॅबवाले रक्त द्यायला उपाशी पोटी यायला सांगतात. साधा माणूस रात्री जेवतो आणि सकाळी कॉफी न पिता जातो. आमचे अप्पा रक्त द्यायचे ते द्वादशीला! आदल्या दिवशी कडकडीत एकादशी, ताक आणि तुळशीचं पाणी. द्वादशीला पहाटे आंघोळ, पूजा, मग लॅब, आणि तिथून आल्यावर अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याची भाजी करून पारणं.

“उपाशीं पोटीं या म्हणतात कीं नाही? माझ्याहून उपाशी पोट ह्या गांवांत कुणाचें आहे? दोन्ही कार्यें होतात, पुण्यही, टेस्टही.”

यात लबाडी नव्हती हो. लबाडी असती तर मी दोन तासांत पकडून सरळ केली असती. हा त्यांचा प्रामाणिकपणा होता, त्यामुळे त्याला औषधच नव्हतं. आकडा अर्थातच छान यायचा. तो छान आकडा खिशात घालून पंधरा दिवस डिग्री कॉफीत दोन-दोन चमचे साखर, भजनानंतर द्रोण भरून गुळातुपाचा सक्करै पोंगल. मी बोलले की लॅबचा कागद माझ्या नाकासमोर धरायचे.

मी सांगायची, अप्पा, हा एका सकाळचा आकडा आहे. तीन महिन्यांची साखर सांगणारी वेगळी तपासणी असते, ती करा. रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात, साखर त्यांना चिकटून बसते, एका दिवसाच्या उपासानं ती सुटत नाही. ते म्हणायचे, “तुझा विषय नव्हे तो. डाक्टरास सांगूं दे.”

माझा विषय नव्हे! मग कुणाचा? एकदा मी अगदी पाट मांडून सांगितलं. पूर्वी मोठमोठ्या केमिस्टांनाही वाटायचं की जिवंत शरीरातले पदार्थ बाहेर बनूच शकत नाहीत, त्यांना काहीतरी प्राणशक्ती लागते. मग एकानं निव्वळ क्षार तापवून काचेच्या भांड्यात युरिया बनवला, जो आपल्या मूत्रात असतो.

“सोवळ्यांत आहें, असलें बोलूं नकोस.”

मी म्हटलं, बरं, मूत्र सोडा, पीठ घ्या. आपलं इडलीचं पीठ आंबतं तसंच साखरेचं पाणी यीस्टनं आंबतं, आणि जिवंत यीस्ट असल्याशिवाय ते होणारच नाही असं सगळे मानत होते. जर्मनीतल्या एकानं यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस काढला. औषधासाठी हवा होता. रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आपण मुरंब्यात घालतो तशी. टिकायचं सोडून तो फसफसायला लागला! त्यात जिवंत काहीच उरलं नव्हतं आणि तरी जिवंतपणाचं काम चाललं होतं. त्या फसफशीतून आमचा विषय उभा राहिला. शरीरात जे चालतं ते पदार्थांच्या नियमानं चालतं, ते नियम शोधता येतात, आणि म्हणूनच एका थेंबावरून माणसाच्या आत काय बिघडलंय ते कळतं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे स्वैंपाकघरच कीं. ह्यास कालेज कशास?”

मी उठून आत गेले.

गेल्या चैत्रात ते भर दुपारी देवळात प्रदक्षिणा घालून आले. दगड असे तापलेले की बाकीचे पळत सावली गाठत होते. अप्पा संथ चालत आले आणि त्याचाही अभिमान सांगत बसले. संध्याकाळी मी पाहिलं तर उजव्या पायाच्या अंगठ्याखाली मोठा फोड. त्यांना पत्ताच नाही. साखरेनं पायातल्या नसा केव्हाच बधिर केल्या होत्या. फोड फुटला, जखम झाली, ती भरेना. तंजावरचे सर्जन म्हणाले, साखर आटोक्यात आणल्याशिवाय ही भरायची नाही. तीन महिन्यांची तपासणी लगेच करा, काही खाल्लेलं असलं तरी चालेल, रिपोर्ट दाखवा, मी इन्सुलिन ठरवतो.

लगेच! हा शब्द अप्पांनीही ऐकला होता. दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या माणसाला घरी बोलावलं आणि परीक्षेच्या ड्यूटीवर गेले. दुपारी फोन केला तर तो म्हणाला, “अप्पा सार म्हणाले, द्वादशीला ये. मला कॉफी दिली.” त्या माणसाला कॉफी पाजून परत पाठवलं होतं! घरी येऊन मी इतकी ओरडले की शेजारच्या मामी डोकावून गेल्या. अप्पा म्हणाले, “इतकीं वर्षें द्वादशीसच देतों. चार दिवसांत काय होतें?” रात्री मी स्वतः सुई घेऊन बसले तर त्यांनी हात धोतरात लपवला. लहान मुलाला निदान दरडावता येतं. आणि या वेळी डॉक्टर मोठे म्हणून उपासही जास्त कडक, दशमीपासूनच!

जखमेला एकादशी कळत नाही. द्वादशीला रक्त दिलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि ताप होता. रिपोर्टचा आकडा पाहून सर्जननी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. दोन दिवसांचा उपास त्या आकड्याच्या खिजगणतीतही नव्हता. पू हाडापर्यंत गेला होता. अंगठा काढावा लागला.

घरी आल्यावर बरेच दिवस गेले. मग एका सकाळी मी ड्रेसिंग करत असताना अप्पा म्हणाले, “तुझ्या शास्त्रांत प्रायश्चित्त म्हणून कांही नाहीच काय?”

मला त्यांचा इतका राग आला होता की नाही म्हणून मोकळी होणार होते. पण ते खोटं झालं असतं. मी म्हटलं, आहे. साखर चिकटलेल्या पेशी मरतात, रोज थोड्या थोड्या. मज्जेत रोज नव्या तयार होतात, अगदी कोऱ्या. नीट वागलात तर तीन-चार महिन्यांनी अंगातलं सगळं रक्त नवं.

“सगळें?”

“सगळं.”

आयुष्यात पहिल्यांदा ते माझा विषय मन लावून ऐकत होते. तोंडावर असा आनंद की मला त्यांचा पुढचा प्रश्न ऐकायचाच नव्हता. त्यांनी पाय थोडा उचलला, बँडेजकडे पाहिलं आणि विचारलं, “मग हाही?”

इतकी वर्षं हा विषय शिकवला, भांडून भांडून सांगितला. त्या क्षणी मला तो येत नसता तर बरं झालं असतं.

“नाही अप्पा,” मी म्हटलं. “हा नाही.”