न पिकणारा घड

घरात केळी पिकली, की त्या वासाने मी थेट जळगावच्या बालगृहात पोचते. आई दवाखान्यात होती, म्हणून सहा वर्षांच्या मला तिथे ठेवलं होतं. माझं रडू थांबेना, तेव्हा आम्हाला सांभाळणाऱ्या यावलच्या अक्कांनी स्वयंपाकघरात टांगलेला केळीचा घड दाखवला. "हा पिकला का तुही माय येईन."

रोज सकाळी मी धावत जाऊन बघायची. मेला हिरवाच! दुपारी मात्र आम्हा मुलींना पिकलेली केळी मिळत. अक्का पिवळा पडलेला घड उतरवून गुपचूप नवा टांगत होत्या, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

कित्येक महिन्यांनी आई आली. उशीर झाला म्हणून दारातच रडायला लागली. मी तिला हाताला धरून घडापाशी नेलं.

"बघ, अजून हिरवाच आहे. तू लवकर आलीस!"