पप्पांच्या मापाचे स्ट्रेचर

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या आमच्या घराच्या अंगणात माझे पप्पा ठरल्या वेळी जखमी झाले.

जखमी म्हणजे परीक्षेपुरते. मी दहावीत होते आणि शाळेच्या गाइड पथकात तृतीय सोपानाच्या शेवटच्या पायरीवर उभी होते. बाकीचे सगळे बॅज बाहीवर शिवून झाले होते, राहिला होता फक्त प्रथमोपचाराचा. तो त्या दिवशी बारापर्यंत मिळाला नाही, तर राज्य पुरस्काराच्या शिबिराची यादी माझ्याविना जाणार होती, आणि दहावीनंतर पथकच सुटणार होते. (त्या आठवड्यात मी एकदाही बसून जेवल्याचे आईला आठवत नाही.)

परीक्षा घ्यायला मॅडम घरीच येणार होत्या, आणि ती तीन भागांची होती. रुग्णाला पट्ट्या बांधायच्या, स्ट्रेचर स्वतः तयार करायचे, आणि माणसे जमवून त्यावरून रुग्णाला अंगणात फिरवून आणायचे. पुस्तकातले स्ट्रेचर म्हणजे दोन काठ्या आणि एक घोंगडी. मला ते मुळीच पटले नाही. घोंगडीला झोळ पडतो आणि रुग्णाचा कणा वाकतो. मी बलांच्या आकृत्या काढल्या, दोन रात्री विचार केला आणि सर्वांत निर्दोष रचना शोधून काढली: दोन लांब बांबू, त्यांवर शिडीसारख्या आडव्या कामट्या, सुंभाची घट्ट बांधणी आणि वर पांढरी चादर. हीच रचना आपल्या पूर्वजांनी कितीतरी पिढ्यांपूर्वी शोधली असून ती आजही प्रत्येक गावात वापरात आहे, ही गोष्ट माझ्या आकृत्यांत कुठेच दिसली नाही.

शनिवारी संध्याकाळी मी अफझलगंजला बांबूच्या दुकानात गेले. मालक पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ होते.

"लंबाई कित्ती होना बेटा?"

"पाँच फुट सात इंच का आदमी है. दोनों तरफ पकड़ने को जगह छोड़ो."

त्यांचा हात बांबूवरच थांबला. "कौन है?"

"पप्पा."

"क्या हुआ उनको?"

"छत से गिरने का केस है." (प्रश्नपत्रिकेत तसेच दिले होते.)

"उठाना कब है?"

"कल ग्यारह बजे. सिकंदराबाद से मॅडम आतीं, उनों देखे बगैर हिला नहीं सकते. बारा के अंदर सर्टिफिकेट होना."

"हौ," ते मान हलवत म्हणाले, "सर्टिफिकेट के बगैर आगे कुछ होता नहीं. घर में मर्द कोई नहीं क्या, तुम अकेले आए?"

"पप्पा हैं ना. उनों तो लेटे रहेंगे."

त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. भाव करायला मी तोंड उघडले, तर त्यांनी हातानेच थांबवले. "तुम कुछ मत सोचो. सुबह पूरा सामान घर पहुँचता." ग्राहकाच्या गरजेची इतकी नेमकी जाण असलेला दुकानदार मी तोवर पाहिला नव्हता. घरी येऊन मी पप्पांना तसे सांगितलेही.

रविवारी आई पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला गेली. सामान नऊला यायला हवे होते, ते साडेदहाला आले. तोवर मी गेटपर्यंत इतक्या येरझाऱ्या घातल्या, की पप्पा म्हणाले, "सुजे, तूच पडशील, मग मला परीक्षा द्यावी लागंल." रिक्षातून बांबू उतरले, कामट्या उतरल्या, सुंभ उतरला. त्यापाठोपाठ एक मडके, झेंडूचा हार आणि उदबत्तीचा पुडा! हार यशस्वी उमेदवारासाठी असावा, असा मी तर्क केला. मडक्याचा विचार करायला वेळ नव्हता.

"नुसतं पडून राहायचं ना?" पप्पांनी चटईवर अंग टाकत विचारले. वीज खात्यात आठवडाभर तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला याहून आवडते काम नव्हते.

"हो. आणि बोलायचं नाही."

"मधून कपभर च्या?"

"बेशुद्ध माणसाला तोंडावाटे काही देत नाहीत, पप्पा."

एवढे बोलून मी त्यांचे तोंड बंद केले. जबड्याच्या अस्थिभंगाची पट्टी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारायची असते. पाय मोडला असल्यास दोन्ही घोटे एकत्र बांधायचे असतात. शरीराची ऊब टिकावी म्हणून गळ्यापर्यंत चादर घालायची असते. मी सर्व काही पुस्तकाबरहुकूम केले. पप्पा तिसऱ्या मिनिटाला खरोखरच झोपले.

मी स्ट्रेचर बांधत असताना कुंपणापलीकडून शेजारचे वकीलकाका डोकावले. निवृत्त होऊनही त्यांची उलटतपासणीची सवय गेलेली नव्हती. त्यांनी बांबू पाहिले, मडके पाहिले, मग पप्पांकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"केव्हा झालं, बाळ?"

"दहा चाळीसला. गच्चीवरून पडले."

"डॉक्टर?"

"डॉक्टर कशाला? मीच तपासलं. काका, उचलायला चार जण लागतील. अकराला. तुम्ही याल का?"

"हे काय विचारणं झालं? मी आणतो माणसं. तू फक्त धीर धर."

"धीर धरायला वेळच नाहीये, काका," मी म्हणाले. परीक्षेतला प्रसंग इतक्या गांभीर्याने घेणाऱ्या शेजाऱ्याचे मला फार कौतुक वाटले.

बरोबर अकराला वकीलकाका पांढऱ्या धोतरात आले. मागे पांढऱ्या कपड्यांतले तिघे होते. त्याच वेळी आमच्या परीक्षक मॅडम गेटवर उतरल्या. आत पाहून त्यांनी चपला काढल्या, रजिस्टर मिटले आणि मला जवळ घेतले.

"अय्यो, सुजाता. परीक्षेचं विसर आता. पुन्हा कधीतरी बघू."

"पुन्हा कधी, मॅडम? यादी आजच जाते! पप्पा तसेही पडूनच आहेत. दहा मिनिटांत होईल."



"धक्का बसलाय लेकराला," वकीलकाका मॅडमना हळूच म्हणाले. एकाने मला पाण्याचा पेला दिला.

"पाणी नको, उचला," मी म्हणाले. "सगळ्यांनी डावा पाय आधी!"

चौघांनी पप्पांना चटईवरून अलगद स्ट्रेचरवर घेतले आणि उचलले. इतक्या एका लयीत आमच्या पथकालाही कधी जमले नव्हते. पण ते सरळ गेटकडे निघाले.

"बाहेर नाही, काका! अंगणातच एक फेरी मारायची."

"फेरी कशाला, बाळ?"

"त्याला मार्क आहेत."

तेवढ्यात गेटातून आई आली. पांढऱ्या साडीत, सोबत विहारातल्या पांढऱ्या साडीतल्या दोन मावश्या. मॅडमनी हुंदका दिला. वकीलकाकांनी बांबू एका खांद्यावर सावरला, मोकळ्या हाताने पायरीवरच्या मडक्याकडे बोट केले आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, मडकं आलेलं आहे."

"आमच्यात मडकं नसतं, वकीलसाहेब," आई सवयीने बोलून गेली. मग तिचा चेहरा बदलला. "पण... कुणाचं?"

आणि तिला चादरीच्या टोकाला जबडा बांधलेले पप्पा दिसले.

"अहो!"

माझे पप्पा अलार्मला उठत नाहीत, कुकरच्या शिट्टीला उठत नाहीत. पण आईच्या 'अहो'ला ते कोणत्याही अवस्थेत ओ देतात. ते ताडकन उठून बसले आणि बांधलेल्या तोंडाने "ऊं?" म्हणाले.

पुढच्या दोघांनी बांबू सोडले. वकीलकाका मागे सरकले आणि मडक्यावर बसले; मडके फुटले आणि खापराने त्यांचा तळहात कापला. आईला घेरी आली, ती गेटापाशीच गुडघ्यावर पडली. तिला सावरायला पप्पा घसरत्या स्ट्रेचरवरून धावत सुटले. निदान तसा त्यांचा इरादा होता. घोटे मी बांधलेले होते, आणि माझ्या गाठी सुटत नाहीत. ते मनगटावर आपटले.

नंतरचा अर्धा तास मी पट्ट्या बांधत होते, आणि आई तिच्या गुडघ्यावर बांधून घेता घेता मला ऐकवत होती. "दुनियेतल्या पोरी बापाला जपतात, आमची बाप बांधून ठेवते. बॅजसाठी!" पप्पा गळ्यातल्या झोळीत हात ठेवून च्या पीत होते. मॅडम हसू दाबण्यासाठी रजिस्टर तोंडासमोर धरून बसल्या होत्या.

"खऱ्या जखमींवर परीक्षा देणारी तू पहिलीच," त्या शेवटी म्हणाल्या. "जखमी स्वतः तयार करणारीसुद्धा. पास केलंय. आता निरीक्षणाचा तक्ता भर."

तक्त्याच्या तळाशी दोन रकाने रिकामे होते. आई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती. विज्ञानाची विद्यार्थिनी निरीक्षण लपवत नाही. मी लिहिले: प्रथमोपचारकाच्या आगमनापूर्वी जखमी: शून्य. आगमनानंतर: तीन.