पानात उरलेला घास

पुण्याच्या वर्तमानपत्रात उपसंपादकाची नोकरी लागली तेव्हा माझे वडील, नाना, मला हैदराबादच्या नामपल्ली स्टेशनवर सोडायला आले होते. आईनं दिलेला डबा त्यांनी सीटखाली सरकवला नाही, माझ्या मांडीवर ठेवला. गाडी हलण्याआधी म्हणाले, "तिकडे मोजून वाढतात म्हणे. उपाशी राहू नको." ते गंभीरपणेच सांगत होते. पिढ्यान् पिढ्या हैदराबादेत काढलेल्या आमच्या घराला महाराष्ट्राची माहिती बरीचशी अशी ऐकीवच होती.

पुण्यात कुणी मोजून वाढलं नाही. फक्त एकदा "पुरे" म्हटलं की वाढणारा हात थांबायचा. सुरुवातीला मी कितीतरी घरांतून अर्धपोटी उठले. पहिला नकार खरा धरायचा नसतो, हे सगळ्यांना ठाऊक असेल असं मी गृहीत धरलं होतं.

पुढे मित्र मिळाले. मेघना आणि शंतनू हे जोडपं, अश्विन आणि मी. सुट्टी जुळली की गाडी काढायची, रस्त्यात जे गाव लागेल तिथं चौघांनी वेगवेगळं मागवायचं आणि ताटं फिरवत खायचं. मागे काही ठेवायचं नाही. अश्विन साताऱ्याचा. पानात टाकणं म्हणजे रांधणाऱ्याचा अपमान, अशा शिस्तीत वाढलेला. या प्रवासांतच आमचं दोघांचं ठरलं. मेघना-शंतनूला ते माहीत होतं. हैदराबादेत, चिक्कडपल्लीच्या घरी माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही चौघं हैदराबादला गेलो. बेत साधा होता. उतरायचं आबिड्सच्या लॉजवर, दुपारी आमच्याकडे जेवायचं, मग तिघांनी शहर बघायला निघायचं आणि मी मागे राहून नानांना सांगायचं. गाडीत मी ती वाक्यं मनाशी फिरवत होते, बातमीचा मथळा फिरवावा तशी. एकही बसत नव्हतं.

पोचल्याबरोबर नाना सगळ्यांना माडीवर घेऊन गेले. तिथल्या खोलीला नवा रंग दिला होता. माझ्या नोकरीसाठी नारायणगुड्याच्या एका कॉलेजात त्यांनी शब्द टाकला होता, हे मला तिथंच कळलं. "ही हिची खोली," ते शंतनूला म्हणाले. "दिवाळीपर्यंत येतेच ही." अश्विन खिडकीबाहेर बघत राहिला.

जेवायला बगारा भात, मसाल्याची वांगी आणि चिगुराची डाळ होती. चिगूर म्हणजे चिंचेची कोवळी पानं. ती थोडेच दिवस मिळतात, म्हणून आईनं सकाळीच बाजार गाठला होता. अश्विननं पहिलं वाढप संपवून पान लख्ख केलं. आईनं पुन्हा वाढलं. त्यानं पुन्हा लख्ख केलं.

आमच्याकडे पोट भरलं की पाहुणा पानात घासभर ठेवतो. रिकामं पान म्हणजे अजून भूक आहे. हे मी त्याला सांगायचं विसरले होते.

"काकू, खरंच बास," तो म्हणाला.

"हौ, हौ, सगळे असंच म्हणतात," आई म्हणाली. "आणि पान चाटून पुसून बसतात. घ्या, तकल्लुफ नको."

मेघना हसली. मला हसू आलं नाही. आई सगळ्यांच्या शेवटी जेवते, आणि भाताच्या पातेल्याचा तळ दिसू लागला होता. अश्विनच्या कपाळावर घाम होता, पण तो खात होता. आई पुन्हा वाकली तेव्हा मी हात लांब केला आणि त्याच्या पानावर आडवा धरला.

आमच्या घरात असा हात फक्त आई धरते, तोही नानांच्या पानावर.

डाव तसाच हवेत राहिला. नाना माझ्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी ताक मागितलं. ताक पिऊन झाल्यावर अश्विनला म्हणाले, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" अश्विननं आई, वडील, धाकटी बहीण असं सांगितलं. नानांनी आणखी काही विचारलं नाही.

तिघं निघून गेल्यावर मी माडीवर गेले. नाना नव्या रंगाच्या भिंतीला पाठ लावून बसले होते. ते विचारतील म्हणून मी थांबले, मी सांगेन म्हणून ते. शेवटी तेच बोलले.

"तो इकडे येईल राहायला?"

"नाही."

"आणि तू?"

"मीही नाही, नाना."

रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. मग नाना म्हणाले, "लग्न इथंच होईल. माझी दुसरी काही अट नाही."

लग्न तिथंच झालं. माडीवर आता भाडेकरू आहेत. हैदराबादच्या ओळखीच्यांपैकी जे शहर सोडून गेले ते मला विचारतात, घर आता कुठलं? जे तिथंच राहिले ते विचारत नाहीत. त्यांनी परस्पर ठरवलेलं असतं.

मागच्या खेपेला मी एकटीच गेले होते. आईनं भात वाढला, मी संपवला. तिनं पुन्हा वाढला. मी नको म्हटलं, तिनं आग्रह केला. पुन्हा नको म्हटलं, तिनं पुन्हा केला. आमच्याकडे घरच्या माणसाला एकदाच विचारतात. आग्रह असतो तो पाहुण्याला. हे तिच्या लक्षात आलं नसावं, आणि मी लक्षात आणून दिलं नाही.

मी पानात घासभर भात ठेवला. आई थांबली.