आईच्या फाइलवरची तंबाखू

आईच्या पित्ताशयात खडे निघाले तेव्हा सवयीप्रमाणे मी कामं लिहून काढली. रक्ताचे रिपोर्ट, आधार कार्ड, दोन लुगडी, गावाहून, साखऱ्याहून, तिच्यासोबत येणाऱ्या बाबांच्या झोपण्याची सोय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात तिची फाइल लावायला घेतली, तर पहिल्याच पानावर इंग्रजीत लिहिलेलं: तंबाखूचं व्यसन.

आईने जन्मात तंबाखू जिभेला लावलेली नाही. मी तिला विचारलं.

"छातीचा फोटो काढताना कमरेची पिशवी काढ म्हणली ती नर्स. पुडी निघाली, चुन्याची डबी निघाली. खाता का म्हणली. म्या म्हणलं न्हाई. हासली अन् लिहिलं तिनं."

"पण पुडी तुझ्याकडं काहून?"

आईने दाराकडे पाहून आवाज खाली केला. पुडी बाबांची होती. त्यांच्या हातात राहिली तर दिवसात संपते, म्हणून ती आपल्याजवळ ठेवते आणि दोन्ही जेवणांनंतर स्वतः मळून चिमूटभर देते.

"मग नवऱ्याची हाय म्हणून सांगायचं."

"कसं सांगू? याच डाक्टरला सोडली म्हणून सांगितलंय त्यांनी."

ते खरं होतं. बाबांच्या बीपीच्या फाइलमध्ये तसं लिहिलेलं आहे आणि तेव्हा शेजारी उभी राहून मी खूश झाले होते.

"तुझं तू बघ," आई म्हणाली, "पण ते खोडल्याबिगर मी टेबलावर चढत न्हाई. अन् त्यांचं नाव काढायचं न्हाई."

पोट धरून बसली होती, तरी हटेना. संध्याकाळी डॉक्टर आले. मी नोंद चुकीची आहे एवढंच सांगितलं.

"दुरुस्त करतो की. पण मग पुडी कोणाची?"

आई खिडकीबाहेर बघू लागली. दारात बाबा डबा घेऊन उभे होते.

"माझी हाय साहेब."

"बाबा, तुम्ही तर सोडली होती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या हातानं खायची सोडली. ही देती तेवढीच खातो."

डॉक्टरांनी आईच्या पानावर रेघ मारली, बाजूला दुरुस्ती लिहून सही केली आणि बाबांच्या फाइलसाठी माझ्यापुढे हात केला. तीही माझ्या पिशवीत होती. मी ती काढून दिली.

सकाळी आत जाताना आईने कमरेची पिशवी माझ्या हातात दिली. "जेवण झाल्यावर चिमूटभर. जास्ती मागतील, देऊ नको."

ऑपरेशन नीट झालं. दुपारी ती बोलण्यासारखी झाली आणि पहिलं विचारलं, "दिली का त्यांना?"

"मागितलीच न्हाई. सुधरले वाटतं."

"सुधरतेत कशाचे," आई डोळे मिटूनच म्हणाली. "सकाळपासून जेवले नसतील. जा, आधी त्यांना खाऊ घाल."