रक्तवाढीच्या लाल गोळ्या

पहिल्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मी हरसूलच्या शाळेत शिक्षिका होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. शाळेची चढण चढताना धाप लागायची, फळ्यावर लिहिता लिहिता डोळ्यांपुढे अंधारी यायची. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी रक्त तपासलं, पापणी खाली ओढून पाहिली आणि लाल गोळ्यांचं पाकीट दिलं. जेवणानंतर रोज एक घ्यायची, तिच्यावर लगेच चहा प्यायचा नाही. शौचाला काळं होईल, घाबरू नका, असंही सांगितलं.

घरी सासूबाईंनी पाकीट काढून घेतलं आणि नाचणीच्या डब्यात ठेवलं. या गोळ्यांनी बाळ पोटात फार मोठं होतं, शिवाय काळं निघतं, असं त्यांनी ऐकलं होतं. त्यांच्या थोरल्या लेकीचं, म्हणजे माझ्या नणंदेचं बाळ मोठं होतं आणि त्या बाळंतपणात ती रक्त जाऊन गेली. तिच्या अंगात मुळात रक्तच कमी होतं, हे कुणी तपासलं नव्हतं. सासूबाई हे सांगताना रडल्या नाहीत, नाचणी निवडत राहिल्या.

वाद घालणं आमच्या यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, स्वभावात नव्हतं. त्या रात्री जेवण झाल्यावर यांनी डब्यातून पाकीट काढलं, आईसमोर स्वतः एक गोळी गिळली आणि दुसरी माझ्या हातावर ठेवली. मला काही झालं तर बंद करू, म्हणाले. मग हा रोजचा क्रम झाला. सासूबाई लेकाच्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या.

काही दिवसांनी यांनी विम्याचे कागद कुठल्या ट्रंकेत आहेत ते मला दाखवून ठेवलं आणि कामाला सुट्टी नसताना आरोग्य केंद्रात गेले. परत आले ते कान लाल करून. नर्सबाईंनी मला जे आधीच सांगितलं होतं, तेच त्यांना सांगितलं होतं. नवऱ्याशी असल्या विषयावर बोलायची तेव्हा आमच्यात पद्धत नव्हती.

सासूबाईंनी सगळं खोदून विचारलं. थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजी काळं समदं भाईर पडतं. मंग बाळ काळं व्हायचं नाय."

तेव्हापासून गोळी त्याच द्यायच्या, वर लिंबू पिळलेलं पाणी. यांच्या गोळ्या बंद झाल्या. जेवणानंतर मी चहाचं नाव काढलं तरी त्या पातेलं उचलून न्यायच्या.

बाळंतपण नाशिकला झालं. रक्त बरंच गेलं. बाहेर हे आणि सासूबाई एकाच बाकावर बसून होते. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, की आधी अंगात रक्त भरलं होतं म्हणून निभावलं. सासूबाईंनी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मुलगी चांगली गुटगुटीत होती, आणि रंगाने थेट यांच्यासारखी सावळी. सासूबाईंनी तिला उजेडात नेऊन नीट पाहिलं. "बापानं खाल्ल्या ना गोळ्या," त्या म्हणाल्या, आणि तिला छातीशी धरून कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

पुढे बरीच वर्षं आठवडी बाजारात एखादी गरोदर बाई दिसली, की त्या तिला थांबवून पापणी खाली ओढून बघायच्या आणि दवाखान्याची वाट दाखवायच्या. त्यांना पापणीतलं काय कळत होतं, देव जाणे. काही जणी जायच्या. काही जणी हो म्हणून पुढच्या दुकानात मिरच्यांचा भाव विचारायच्या.