नियंत्रण: ठीक

आमच्या प्रयोगशाळेत सकाळी कुणी कुणाला नमस्कार करत नसे. दाई आली की एवढंच विचारायची, “दोनाचे चार झाले का?” पहिल्या दिवशी मी लाजून सांगितलं, अजून कुठे ठरलं नाही. अख्खा मजला आठवडाभर मला हसला. बाई लग्नाचं विचारत नव्हती. काचेतल्या पेशी वाढतायत का, म्हणजे दोनाच्या चार होतायत का, एवढंच तिला हवं होतं.

तेवीस वर्षं ती तेच करत होती. पेशींना खाऊपिऊ घालायचं, ऊब द्यायची, वाढल्या की मोजायच्या. म्हणून ती दाई. पदवी साधीच, पण मोठमोठ्या पदव्यांचे लोक बाटली हातात घेऊन तिच्या दारात उभे असत. तोंड फटकळ. माझी नोंदवही पाहून म्हणाली होती, “अक्षर आहे की किडे सोडलेत?” नोंदवहीच्या बाबतीत ती फार कडक. चुकलं तर खोडायचं नाही. वरून एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, पुढे तारीख आणि साक्षीदार म्हणून दुसऱ्या कुणाची तरी सही.

खिडकीजवळ जुन्या नोंदवह्यांचं कपाट होतं. दाई त्या कपाटाकडे पाठ करून बसायची. त्यातलं काही लागलं की मला पिटाळायची. मला वाटायचं, आळस.

आमचं काम एचआयव्हीवर होतं. या विषाणूकडे कामापुरती प्रथिनं आहेतच, पण जोडीला काही चिमुकली प्रथिनंही आहेत, मदतनीस म्हणा. त्यातलं एक व्हीपीआर. ते पेशीला मारत नाही लगेच. पेशी आपल्या सगळ्याची दुसरी प्रत तयार करते, फुगते, आता दोन व्हायचं तेवढ्यात हे तिला अडवतं. सगळी तयारी झालेली आणि पाऊल पुढे पडत नाही. पेशी अशी अडकून पडली की विषाणूचं फावतं. तेवढ्या वेळात तो स्वतःच्या प्रती काढून घेतो. भिंगाखाली मी त्या पेशी परत परत पाहायची. मेलेल्या नसतात. वाट पाहत असल्यासारख्या दिसतात.

त्या गुरुवारी माझ्यासमोर दोन बाटल्या होत्या. दोन्हींत एकाच निरोगी रक्तदात्याच्या पेशी. एकीत आम्ही व्हीपीआर घातलेलं, दुसरीत काहीच नाही. ही दुसरी म्हणजे नियंत्रण, तुलनेसाठी. तिच्यातल्या पेशी सरळ वाढायला हव्यात. त्या वाढल्या नव्हत्या. फुगून, थांबून बसल्या होत्या.

मी कपाळावर हात मारला. नक्कीच एका बाटलीची नळी दुसरीत बुडवली असणार. अशी चूक आमच्याकडे उठसूट होते आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला: ब्लीच ओतायचं, बाटली फेकायची, नवं रक्त घ्यायचं, गप्प बसायचं. मी ब्लीचची बाटली उचलली आणि दाईने माझं मनगट धरलं.

तिने भिंगात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“ओतू नकोस,” ती म्हणाली. “मी ओतलं होतं.”

मग तिने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी प्रयोगाला निरोगी रक्त लागायचं आणि ती आपल्या धाकट्या भावाला घेऊन यायची. तो घड्याळं दुरुस्त करायचा. दंडावरच्या शिरा दोरीसारख्या, एका टोचणीत काम. चहा-बिस्किटांवर खूश. एकदा त्याच्या रक्ताची नियंत्रणाची बाटली अशीच थांबली. तिला वाटलं, आपली नळी चुकली. नोकरी नवी होती, प्रयोगशाळेचे प्रमुख सर तापट होते. तिने ब्लीच ओतलं, दुसऱ्या कुणाच्या रक्ताचे आकडे लिहिले आणि पुढे नोंद केली: नियंत्रण, ठीक. महिन्याने पुन्हा त्याचं रक्त, पुन्हा तेच. पुन्हा ब्लीच.

दोन वर्षांनी भावाचं लग्न ठरलं. दोनाचे चार व्हायला आठ दिवस होते आणि तो खोकत खोकत कोसळला. तेव्हा तपासणी झाली आणि कळलं, विषाणू त्याच्या रक्तात आधीपासूनच होता. औषधं तेव्हाही मिळत होती, पण उशीर झाला होता. लग्नाचे नवे कपडे आईने कधी घडीतून काढले नाहीत.

“मी स्वतःलाच दोष दिला गं,” दाई म्हणाली. “दोष माझ्या हाताचा असता तर किती बरं झालं असतं.”

मी ब्लीचचं झाकण लावलं.

दाई तडक सरांकडे गेली. मी मागोमाग. सर म्हणाले, एका विद्यार्थिनीच्या धांदरटपणापायी भल्या माणसाला घाबरवायचं का? दाईने आवाज चढवला नाही. चूक ठरली तर मला काढून टाका, म्हणाली, पण त्या माणसाची तपासणी आज व्हायला हवी. रक्त देताना त्याने तशी संमती लिहून दिलेली होती. सरांनी डॉक्टरांना फोन केला.

काय निघालं ते आम्हाला कुणी तोंडाने सांगितलं नाही, सांगायचं नसतंच. पण चार दिवस दाईने सकाळचा प्रश्न विचारला नाही. पाचव्या दिवशी सरांनी तिच्या टेबलापाशी येऊन नुसती होकारार्थी मान हलवली आणि ती हात धुवायला निघून गेली. नळ कितीतरी वेळ चालू होता.

दहा महिन्यांनी तळमजल्यावरचे ग्रंथपाल आमच्या दारात आले. सोबत बायको, तिच्या खांद्यावर बाळ. त्यांनी स्वतःच सांगितलं, त्या गुरुवारच्या प्रयोगाला रक्त त्यांनीच दिलं होतं. तपासणी झाली तेव्हा बायकोला तिसरा महिना होता. तिच्याही रक्तात निघालं. दोघांची औषधं त्याच आठवड्यात सुरू झाली. बाळाची आजवरची प्रत्येक तपासणी स्वच्छ आली होती. “कुणी पाहिलं ते आम्हाला माहीत नाही,” ते म्हणाले, “पण ज्याने कुणी पाहिलं...” बायकोने बाळ दाईसमोर धरलं.

दाईने बाळाला घेतलं नाही. नुसतं बोट पुढे केलं, ते त्याने मुठीत धरलं. तिने ते सोडवून घेतलं नाही, त्याने सोडेपर्यंत उभी राहिली.

ते गेल्यावर ती कपाटाकडे गेली. स्वतः. अगदी खालच्या कप्प्यातली वही काढली आणि न शोधता पान उघडलं. तिच्याच तरुण, टपोऱ्या अक्षरात होतं: नियंत्रण, ठीक. तिने त्यावर एकच रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. आजची तारीख घातली. मग लिहिलं: माझा भाऊ. पेशी थांबल्या होत्या. मी पाहिलं होतं.

आणि वही माझ्याकडे सरकवली.

“साक्षीदार म्हणून सही कर,” ती म्हणाली.

मी केली.