साडेचारचे खटके

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावातलं आमचं घर ओळीतलं, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हा पहिलं वर्ष मी दिवसभर घरात एकटीच असायचे. रोज दुपारी साडेचारला त्या भिंतीतून चार खटके ऐकू यायचे. टक, टक, टक, टक. मग सगळं शांत.

डच बोलायचा सराव होईल म्हणून एकदा शेजारच्या आजोबांनाच विचारलं. त्यांनी हसून आत बोलावलं. आजींनी कॉफी ठेवली. आजोबा नेमबाजीच्या क्लबात जायचे, परवाना होता. पोलादी कपाटातून त्यांनी एक जुनं रिव्हॉल्व्हर काढलं, चक्राचं एकेक घर फिरवून रिकामं असल्याचं दाखवलं.

"याचा घोडा दर गोळीआधी अंगठ्यानं ओढावा लागतो. ओढताना चार खटके. चौथा ऐकला की माझा दिवस जागेवर येतो."

जानेवारीत आजोबा गेले. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून पोलीस शस्त्रं न्यायला आले. आजींनी बोलावलं, मी सोबत बसले. रिव्हॉल्व्हर खोक्यात गेलं, आजींनी सही केली, गाडी वळणाआड जाईपर्यंत आम्ही दारात उभ्या होतो.

दहाएक दिवसांनी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. साडेचार वाजले, आणि चार खटके आले.

"हीटिंगचे पाइप असतील," रात्री नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्याही. आजींनी आठवण म्हणून एखादं ठेवून घेतलं असेल आणि त्या अडचणीत येतील, या काळजीनं चौथ्या दिवशी सव्वाचारलाच शिरा घेऊन गेले. आम्ही बोलत बसलो. मध्येच आजींनी घड्याळाकडे बघून चमचा खाली ठेवला. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. खटके आले.

"मला वाटायचं, तुमच्याकडून येतात," मी म्हणाले.

"मला वाटायचं, तुझ्याकडून."

उठून आम्ही भिंतीला तळवे लावले. भिंत गार होती. "कुणाला सांगू नकोस," आजी म्हणाल्या. "लगेच दुरुस्त करायला येतील."

त्यानंतर मी जवळजवळ रोज जात राहिले. धीट झाले होते असं नाही. आमच्या बाजूला एकटीनं ते ऐकणं जास्त वाईट होतं.

उन्हाळ्यात आजींनी घर विकलं आणि बहिणीजवळ नायमेखनला फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. त्याच दिवसापासून भिंत गप्प झाली. आठवडाभर खात्री करून मी फोन लावला. त्या लिफ्टबद्दल बोलल्या, बाल्कनीबद्दल, बहिणीच्या गुडघ्याबद्दल.

"आणि साडेचारला?" मी विचारलं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"इथली भिंत काँक्रीटची आहे," मग म्हणाल्या. "खुर्ची अगदी लावून बसावं लागतं."